भट्टी विझल्यावर: मावळातला बंद काच कारखाना, पैसा फंड आणि नोंदी ठेवायची घाई

रानवाट (धागाकर्ता)

तळेगावच्या पुढे मावळात एक काच कारखाना बरीच वर्षं बंद पडून आहे. औषधाच्या आणि शीतपेयाच्या बाटल्या तिथे तयार व्हायच्या. मालकांची परवानगी घेऊन आणि तिथल्या भट्टीवर हयात घालवलेल्या एका काकांना सोबत घेऊन आम्ही काही मित्र आत फिरून आलो. शेड लवकरच पाडायची आहे, म्हणून जमेल तसं पण लगेच लिहितो आहे. कारखान्याचं नाव आणि जागा मुद्दाम देत नाही. उरलंसुरलं लोखंड उचलायला माणसं आधीच येऊन गेली आहेत, आणि आतली जमीन कुठे कधी दगा देईल सांगता येत नाही.

बाहेरून पाहणारा चिमणीचा फोटो काढतो आणि परत जातो. आम्हीही सुरुवात तिथूनच केली. काका मात्र चिमणीकडे बघेनातच. ते सरळ भट्टीच्या खाली घेऊन गेले. काच कारखाना समजून घ्यायचा असेल तर तो खालून वर बघत जायला हवा, हे मला तिथे पटलं.

भट्टीच्या दोन बाजूंना जमिनीखालपासून वर गेलेल्या विटांच्या दोन उंच खोल्या आहेत. आत विटा भरीव रचलेल्या नाहीत, हवा जाईल अशा जाळीदार थरांनी रचल्या आहेत. भट्टीतून निघालेला तापलेला धूर आधी एका खोलीतून जातो आणि तिथल्या विटा लाल करतो. पंधरा-वीस मिनिटांनी झडप फिरवायची. मग बाहेरची थंड हवा त्याच लाल विटांमधून वर चढते, हजार अंशांच्या पलीकडे तापते आणि मगच ज्वाळेला मिळते. तोवर धूर दुसऱ्या खोलीतल्या विटा तापवत असतो. पुन्हा झडप, पुन्हा उलट. १९व्या शतकाच्या मध्यावर फ्रेडरिक सीमेन्सने ही युक्ती काढली आणि काचेचं गणितच बदललं, कारण तितक्याच इंधनात कितीतरी जास्त उष्णता मिळू लागली. काका म्हणाले, "झडप फिरताना आवाज बदलायचा. आम्ही घड्याळ बघत नव्हतो."

वर टाकी. साधारण छोट्या हॉलएवढी. ज्यांना प्रक्रिया माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बाटलीच्या काचेत सुमारे ७० ते ७४ टक्के सिलिका, म्हणजे वाळू. नुसती वाळू वितळवायला १७०० अंश सेल्सिअसच्या पुढे जावं लागतं. सोडा घातला की ती कमी तापमानाला वितळते, पण वाळू आणि सोडा एवढंच असेल तर तयार होणारी काच पाण्यात विरघळते. म्हणून चुनखडी. आणि या सगळ्यासोबत फुटकी काच, जिला कारखान्यात सगळे कलेट म्हणतात. कलेट लवकर वितळते, बाकीच्या मालाला सोबत ओढते आणि इंधन वाचवते. भट्टीत तापमान १५०० अंशांच्या आसपास, रात्रंदिवस, दिवाळीलासुद्धा.

हा 'रात्रंदिवस' महत्त्वाचा आहे. कापड गिरणीचं यंत्र संध्याकाळी थांबवून सकाळी चालू करता येतं. काचेची टाकी एकदा पेटवली की पुढची आठ-दहा वर्षं विझवायची नसते. थंड होताना विटा आकसतात आणि तडकतात, आतली काच घट्ट होते. इथे नेमकं तेच झालेलं दिसतं. टाकीच्या तळाशी अजून काच आहे, हिरवट-काळी आणि वीतभर जाड. वरून पावसाचं पाणी गळून तिच्यावर शेवाळ चढलंय. काकांनी तिच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "ही काढायला हवी होती." पुढे बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

मशीन गेली, फक्त पाये उरलेत. साच्यांचं रॅक रिकामं आहे. लेहर, म्हणजे बाटल्या सावकाश थंड करायचा लांब बोगदा, तेवढा शाबूत आहे. त्याच्या पुढे बाटल्या तपासायची जागा आहे आणि तिथे भिंतीला पांढऱ्या काचेची दिव्याची चौकट अजून लटकते आहे.

आता या जागेचा आणि पैसा फंडाचा संबंध. हा कारखाना पैसा फंडाचा नव्हे, तो कितीतरी नंतरचा आणि खासगी. पण तळेगावच्या परिसरात काच हा शब्द उच्चारला की १९०८ साल समोर उभं राहतंच. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योगाला भांडवल उभं करायचं ठरवलं, लोकमान्य टिळक त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि त्या पैशांतून तळेगावला काच कारखाना निघाला. त्याच वर्षी जुलैमध्ये टिळकांना शिक्षा झाली आणि पुढे मंडाले. ज्यांना याबद्दल अधिक माहिती आहे त्यांनी जरूर भर घालावी. आणि काच कारखान्यांत काम केलेली माणसं इथे असतील तर त्यांनी कृपया लिहावं. तुमच्या आठवणींसाठीच हा धागा काढला आहे.

---

मावळता

अप्रतिम. वाचतोय, फोटो टाका. आणि जागा व्यनितून (खासगी निरोपातून) सांगाल का? रविवारी लोकलने जाऊन येता येईल.

---

रानवाट

@मावळता, जागा व्यनितूनही देत नाही, राग मानू नका. मालकांना तसा शब्द दिला आहे. फोटो टाकतो, त्यात परिसर ओळखू येईल असं काही ठेवणार नाही.

---

तप्तमुद्रा

मी काच उद्योगात भट्टीवरच इंजिनीअर म्हणून नोकरी केली, निवृत्त झालो. धाग्यातलं वर्णन अचूक आहे. दोन गोष्टी सांगतो, त्यातली पहिली सुरक्षेची, कारण हे वाचून कोणीतरी असल्या ठिकाणी घुसणारच.

जाळीदार विटांच्या खोल्यांत कधीच उतरू नका. जुन्या भट्ट्यांत तिथे मॅग्नेशिया-क्रोमच्या विटा वापरत. उष्णता आणि सोड्याची वाफ यांनी त्यातल्या क्रोमियमचं विषारी रूप तयार होतं. विटांवर किंवा खाली पिवळसर थर, पिवळी पूड दिसली तर हात लावू नका, ती श्वासात जाऊ देऊ नका. पावसाचं पाणी साचून पिवळं दिसत असेल तर तेही तेच. छपराचे पत्रे आणि दारांभोवतीचा दोर बहुधा ॲस्बेस्टॉसचा. बॅच हाउसमध्ये, म्हणजे कच्चा माल मोजून मिसळायच्या जागेत, जमलेली बारीक पांढरी धूळ म्हणजे सिलिका, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. काचेतले बुडबुडे काढायला एके काळी सोमल, म्हणजे आर्सेनिक, वापरत, त्याची पिंपं कोपऱ्यात राहिलेली असू शकतात. साधा कापडी मास्क इथे पुरत नाही.

दुसरी गोष्ट त्या तळाच्या काचेची. भट्टी रीतसर बंद करतात तेव्हा टाकी रिकामी करतात. तळाजवळ भोक पाडायचं, वितळलेली काच पन्हळीतून खाली पाण्यात सोडायची. पाण्यात पडताक्षणी तिचा चुरा होतो आणि तो कलेट म्हणून विकता येतो. पूर्ण दिवस चालणारं काम, पाण्याची वाफ एवढी की समोरचा माणूस दिसत नाही. काच टाकीतच गोठली असेल तर याचा अर्थ शेवटी तेलाला पैसे नव्हते, किंवा वीज तुटली, किंवा माणसंच आली नाहीत. तुमचे काका गप्प झाले ते उगीच नाही. भट्टीवाल्याच्या दृष्टीने हे प्रेताची क्रिया न करता निघून जाण्यासारखं आहे.

---

सोनटक्का

तपासणीच्या दिव्याचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं. माझी आई दुसऱ्या एका बाटल्यांच्या कारखान्यात सॉर्टिंगला होती. त्या विभागात बहुतेक बायकाच असायच्या. लेहरमधून बाटल्या ओळीने पुढे यायच्या, समोर पांढरा दिवा, आणि प्रत्येक बाटली बघायला क्षणभरच मिळायचा. आत बुडबुडा असेल तर सीड, न वितळलेला खडा असेल तर स्टोन, मानेला बारीक तडा असेल तर चेक. हे तीन शब्द मला शाळेत जायच्या आधी माहीत होते. चेक नुसता बघून दिसत नाही. बाटली किंचित तिरकी धरली की तडा एकदम चमकतो आणि लगेच नाहीसा होतो. आई म्हणायची, चमकला तो क्षण हुकला की ती बाटली कोणाच्या तरी औषधात काच सोडणार.

ती घरी आली की तासभर डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडायची. घरात काचेचा ग्लास आणला की अजूनही आधी उजेडाकडे तिरका धरते.

तुमच्या काकांना विचारा ना, सॉर्टिंगच्या बायका त्यांना आठवतात का. भट्टीवाल्यांबद्दल लिहिलं जातं, आमच्या आयांबद्दल कोणी लिहीत नाही.

---

रानवाट

@सोनटक्का ताई, नक्की विचारतो. आणि तुमच्या आईंशी बोलायला मिळालं तर मी येऊन ध्वनिमुद्रण करायला तयार आहे. त्यांना त्रास होणार नाही अशा वेळेला, थोडं थोडं.

@तप्तमुद्रा सर, पिवळ्या थराचं कोणीच सांगितलं नव्हतं. तुमचा प्रतिसाद सगळ्यांनी आधी वाचावा म्हणून धाग्याच्या सुरुवातीला चिकटवायला संपादकांना विनंती करतो.

---

जुनाबाजार

पैसा फंडाबद्दल थोडी भर. कल्पना अगदी साधी होती आणि म्हणूनच तिच्यात ताकद होती. श्रीमंताची मोठी देणगी मागायची नाही, प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा. म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही तोही भांडवलदार. बंगालची फाळणी १९०५ मधली, स्वदेशीची लाट त्यानंतरची. लोक विलायती बांगड्या आणि काचसामान टाकून देत होते, पण टाकल्यावर त्याऐवजी काय घ्यायचं? तेव्हा काचेच्या बांगड्या आणि दिव्याच्या चिमण्या मुख्यतः ऑस्ट्रिया आणि युरोपातल्या इतर देशांतून येत. बहिष्काराचा ठराव करणं सोपं होतं. काच बनवायची कशी हे इथे फार थोड्यांना येत होतं.

म्हणून मला तळेगावच्या कारखान्यातला सर्वांत महत्त्वाचा माणूस वाटतो तो ईश्वरदास वार्ष्णेय. उत्तर हिंदुस्थानातला तरुण. आधी जपानला आणि मग अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून आला, आणि मराठी माणसांच्या एकेका पैशावर उभ्या राहिलेल्या कारखान्याची तांत्रिक बाजू सांभाळायला तळेगावात आला. पुढे त्यांनी संयुक्त प्रांतात बहजोईला स्वतःचा कारखाना काढला. तळेगावची खरी कमाई बाटल्या आणि चिमण्यांपेक्षा माणसांत मोजायला हवी. तिथे शिकून तयार झालेले कारागीर देशभरच्या काच कारखान्यांत गेले. कारखाना आणि शाळा एकाच छपराखाली, अशी ती कल्पना होती.

त्याच काळात तळेगावला विष्णु गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय होतं, राष्ट्रीय शिक्षण देणारं. सरकारने ते १९१० मध्ये बंद पाडलं. एका लहान गावात एकाच वेळी राष्ट्रीय शाळा आणि लोकवर्गणीचा काच कारखाना! पुण्यातून लोणावळा लोकलने जाताना तळेगाव स्टेशन दिसलं की मला दरवेळी हे आठवतं आणि अभिमान वाटतो. शाळांच्या सहली तिथे जायला हव्यात.

ज्यांना शोध घ्यायचा आहे त्यांनी केसरीचे त्या काळचे अंक चाळावेत. मूळ बातमी वाचण्यात जे आहे ते कोणत्याही सारांशात नाही.

---

कृष्णाकाठ

मी कऱ्हाडकडचा, आता कोथरूडला. काच म्हटलं की आमच्याकडे ओगलेवाडी. ओगले बंधूंनी १९१६ साली तिथे काच कारखाना काढला. पहिलं महायुद्ध चालू होतं, परदेशी माल येणं घटलं होतं, आणि देशी काचेला उभं राहायला ती संधी मिळाली. जागा तेव्हाच्या औंध संस्थानाच्या हद्दीतली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी उद्योगांना जो हात दिला त्याचं दुसरं उदाहरण किर्लोस्करवाडी. पुढे ओगल्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला. त्यासाठी लागणारं एनॅमलचं कामही तिथेच सुरू झालं.

आमच्या घरी प्रभाकर कंदील होता. लोडशेडिंगच्या काळात तोच आमचा दिवा. चिमणी फुटली की नवी मिळायची, मोजमाप सगळीकडे सारखं, हे तेव्हा फार साधं वाटायचं. आता कळतं की तोंडाने फुंकून केलेल्या वस्तूचं मोजमाप सारखं ठेवणं किती अवघड.

रेल्वेने कोल्हापूरकडे जाणाऱ्यांनी लक्ष द्या, कऱ्हाडचं स्टेशन ओगलेवाडीलाच आहे. गावाला कारखान्याचं नाव मिळालं आणि कारखाना गेल्यावरही ते राहिलं.

---

निखारा७

सगळ्यांचा उत्साह समजतो, पण मला हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. काच कारखाना हे माणसाने काम करायचं ठिकाण कधीच नव्हतं. तोंडाने नळी फुंकून लोकांची फुप्फुसं गेली. फिरोजाबादेत बांगड्यांच्या भट्ट्यांवर लहान मुलं राबली, हे आपल्या सगळ्यांच्या हयातीतलं आहे. कोळशाच्या धुराने ताजमहालाचा संगमरवर खराब होतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तिथल्या उद्योगांना कोळसा सोडून गॅसवर जायला सांगितलं. धूर दगडासाठी थांबला. माणसांसाठी तो कधी थांबवला गेला? असल्या जागांचे सुंदर फोटो काढून आपण काय जपतो आहोत?

---

तप्तमुद्रा

@निखारा७, तुम्ही लिहिलेलं खरं आहे, मी त्याच्या बाजूने साक्ष देईन. उन्हाळ्यात फोरहार्थजवळ, म्हणजे टाकीतली काच मशीनकडे नेणाऱ्या तापत्या पन्हळीजवळ, उभं राहिलं की अंगावरचा घाम वाळून मीठ दिसायचं. जुन्या लोकांच्या हातांवर भाजल्याचे डाग नसलेला माणूस मला भेटला नाही. आम्ही ताकात मीठ घालून पिंपात ठेवायचो, पाळीला ते संपायचं. डोळ्यांत मोतीबिंदू लवकर व्हायचा, कारण तापलेल्या काचेकडे सतत बघणं. हा विकार काच कामगारांचा म्हणूनच वैद्यकात ओळखला जातो.

पण हे कोणाला कळणार, ती जागा आणि ती माणसं दोन्ही नाहीशी झाल्यावर? भट्टीपासून बाटली उचलणारा किती अंतरावर उभा राहायचा हे आराखड्यात मोजून लिहिलं तर तुमचाच मुद्दा सिद्ध होतो.

---

रानवाट

@निखारा७, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला मला सर्वांत जास्त हवा होता. मी फोटो काढले त्यात कामगारांची विश्रांतीची जागा आहे, एक अरुंद ओटा, भट्टीच्या भिंतीला लागून, वर पंखा नाही. तो फोटो पहिला लावतो. जपायचं ते हे सगळं मिळून. नुसती चिमणी जपली तर तुमची तक्रार शंभर टक्के योग्य ठरेल.

---

शिंपला

एक प्रश्न. शेडच्या मागे फुटक्या बाटल्यांचा ढीग असेल ना? माझ्याकडे लहानपणापासून जमवलेल्या जुन्या बाटल्या आहेत, त्यातली एक फिकट जांभळी आहे. विकत घेताना ती पांढरी होती असं आजी सांगायची. हे शक्य आहे का? आणि बाटली हाताने फुंकलेली की मशीनची, कसं ओळखायचं?

---

तप्तमुद्रा

@शिंपला, आजी बरोबर सांगत होत्या. वाळूत लोह असतंच, थोडं का होईना. त्याने काच हिरवट होते. तो हिरवा रंग मारायला पूर्वी मँगनीज डायऑक्साइड घालत. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की मँगनीजचं रूप बदलतं आणि बाटली जांभळी होत जाते. नंतर कारखाने सेलेनियमकडे वळले, त्यामुळे जांभळी झालेली बाटली सहसा जुनी. तपकिरी बाटली मात्र मुद्दाम केलेली असते, लोह, गंधक आणि कार्बन यांच्या मेळाने. तो रंग प्रकाशातला औषधाला अपायकारक भाग अडवतो.

हाताची की मशीनची, यासाठी साच्याच्या सांध्याची रेघ बघा. रेघ बाटलीच्या ओठावरून थेट वरपर्यंत गेली असेल तर मशीन. रेघ मानेवरच संपत असेल तर ओठ नंतर वेगळा बसवला आहे, म्हणजे हाताचं काम. मायकेल ओवेन्सचं पूर्ण स्वयंचलित बाटली यंत्र अमेरिकेत १९०३ च्या सुमाराला आलं. आपल्याकडे हाताचं काम त्यानंतरही कितीतरी दशकं चाललं, त्यामुळे नुसत्या रेघेवरून इथल्या बाटलीचं साल ठरवू नका. तळाची अक्षरं आणि आकडे बघा, त्यात बनवणाऱ्याची खूण आणि साच्याचा नंबर असतो.

---

जुनाबाजार

@शिंपला, गोळी सोड्याची बाटली तुमच्या संग्रहात असेल तर तिचा गळा नीट बघा. हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. झाकण नाही, बूच नाही, आतल्या वायूच्या दाबानेच गोळी वर चिकटून बसते. अशी बाटली बनवायची म्हणजे गोळी आत टाकून मग तोंड अरुंद करायचं. पुण्याच्या गल्ल्यांत ती अजून फुटाणा वाजल्यासारखी उघडते, तेव्हा मला त्या अनाम कारागिराला नमस्कार करावासा वाटतो.

---

आकडेमोड

हे कारखाने बंद का पडले यावर कोणी लिहिलं नाही. माझं मत असं की एक कारण सांगणारा चुकतो. वीज पोचली तशी कंदिलाची चिमणी गेली. दुधाच्या काचेच्या बाटल्या, ज्यांना वर ॲल्युमिनियमचं पातळ झाकण असायचं, त्या पिशवीपुढे टिकल्या नाहीत. सलाइन प्लास्टिकमध्ये गेलं. शीतपेय पेट (PET) प्लास्टिकच्या बाटलीत गेलं. आणि १९७३ नंतर तेल महागलं, तेलावरच्या भट्टीचं कंबरडं तिथे मोडलं.

पण निर्णायक क्षण वेगळाच असतो. टाकीच्या विटा झिजत जातात, आठ-दहा वर्षांनी भट्टी नवी बांधावीच लागते. तो खर्च मोठा आणि एकरकमी. धंदा बरा असेल तर मालक कर्ज काढतो. पुढची दहा वर्षं आपल्या बाटलीला गिऱ्हाईक असेल याची खात्री वाटत नसेल तर तो झिजलेली भट्टी आणखी एक वर्ष ओढतो, मग आणखी एक. लहान कारखान्यांचा शेवट बहुतेक असाच होतो. मोठ्यांचं तसं नाही, त्यांना एका मोठ्या भट्टीत टनामागे कमी इंधन लागतं. आजही काचेला मागणी भरपूर आहे, ती फक्त मोजक्या मोठ्या भट्ट्यांकडे गेली.

---

मावळता

राजा बहादूर मिलसारखं इथे काही करता येणार नाही का? जुनी गिरणी, आत हॉटेलं, कार्यालयं. निदान भिंती तरी वाचतील.

---

रेखाटन

@मावळता, गिरणीची शेड रिकामी करून वापरता येते, कारण गिरणीत भिंत वेगळी आणि यंत्र वेगळं. काच कारखान्यात भट्टी हीच वास्तू आहे. तिच्यातल्या विटा विषारी, लोखंडी आवळण्या गंजलेल्या. भट्टी काढून शेड ठेवली तर उरेल ते साधं गोदाम. त्यामुळे माझं मत रानवाट यांच्यासारखंच, आधी नोंद.

मी वास्तुकला शिकवते. विद्यार्थी घेऊन यायची तयारी आहे, मात्र तप्तमुद्रा सर सांगतील तितक्याच भागात. काय करता येईल ते सांगते. भट्टीचा उभा छेद, खालच्या धुराच्या बोगद्यापासून छपराच्या धुराड्यापर्यंत. बहुतेक नोंदींत फक्त जमिनीवरचा आराखडा असतो, आणि काच कारखान्याची अर्धी गोष्ट जमिनीखाली राहते. प्रत्येक फोटोत मोजपट्टी. विटांवरचे शिक्के टिपायचे, कारण भट्टीच्या विटांवर बनवणाऱ्याचं नाव असतं आणि त्यावरून माल कुठून आला ते कळतं. वाळूचा नमुनाही घ्या. आपल्याकडे सिंधुदुर्गात कणकवलीजवळ कासार्डे भागात सिलिका वाळू निघते, ती इथे यायची का हे बॅच हाउसच्या कप्प्यांवरून किंवा जुन्या चलनांवरून समजू शकेल.

वस्तूंसाठी घोले रोडच्या महात्मा फुले वस्तुसंग्रहालयाशी बोलून बघा. ते १८९० साली लॉर्ड रे यांच्या नावाने औद्योगिक संग्रहालय म्हणूनच सुरू झालं होतं, साचा किंवा फुंकणी तिथे शोभेल. दिव्यांसाठी केळकर संग्रहालय आहेच.

---

सोनटक्का

+१. आईशी बोलले. ती तयार आहे. फक्त म्हणाली, माझा फोटो नको, हातांचा चालेल. तिच्याबरोबर काम केलेल्या आणखी बायका तिच्या ओळखीच्या आहेत, त्याही बोलतील असं तिला वाटतं.

---

निखारा७

@रानवाट, ओट्याचा फोटो पाहिला. धन्यवाद. मुलाखतीत एक प्रश्न माझ्याकडून: अपघात झाला की आधी कोणाला कळवायचे, आणि त्या दिवसाचा पगार मिळायचा का? उत्तर जसं येईल तसं लिहा, गुळमुळीत करू नका.

---

रानवाट

घेतला, जशाच्या तशा शब्दांत विचारणार. मालकांनी पाडकाम थोडं पुढे ढकललंय, रेखाटन ताईंच्या विद्यार्थ्यांना तेवढ्यात छेद घेता येईल. तप्तमुद्रा सर आधी येऊन कुठे जायचं आणि कुठे नाही याच्या खुणा करणार आहेत. काकांना काय विचारायचं त्याची यादी वाढते आहे. आणखी कोणाचे प्रश्न असतील तर द्या.

---

आकडेमोड

माझा एक. रात्रपाळीला अचानक वीज गेली तर पहिल्या काही मिनिटांत कोण काय करायचं? कारखान्याची खरी शिस्त तिथे दिसते.

---

तप्तमुद्रा

@आकडेमोड, प्रश्न चांगला आहे, काकांना विचाराच, प्रत्येक भट्टीची रीत वेगळी. आमच्याकडे असं होतं: टाकीच्या भिंतीला, वितळलेल्या काचेच्या पातळीवर, बाहेरून सतत थंड हवा मारलेली असते, कारण विटा तिथेच सर्वांत जास्त खाल्ल्या जातात. वीज गेली की ती हवा बंद. म्हणून एक जण धावत डिझेल जनरेटरकडे. दुसरा बर्नरचं तेल कमी करायला. तिसरा झडपेकडे, ती हाताने फिरवायची दांडी तिथेच टांगलेली असायची. मशीनवाले काचेचा गोळा तोडणारी कात्री बाजूला करून वाहती काच खालच्या पाण्याच्या खड्ड्यात सोडायचे, नाहीतर ती साच्यांवर सांडून गोठते. अंधारात काचेचाच उजेड पुरायचा. आणि लेहरवाला जागेवरून हलायचा नाही. बोगद्यातल्या बाटल्या अडकल्या आणि एकदम गार झाल्या तर दिवसाचा माल गेला.

काकांना त्या हाताच्या दांडीबद्दल विचारा. ती अजून तिथे असेल तर रेखाटन ताईंनी तिची लांबी मोजावी.